जाळलं असतं

पेन्त्रे-गराव, वेल्स
११ जानेवारी १९९९

एलिनेद,

वकीलबाई लोइस प्रिदेर्ख यांचं पत्र मला शुक्रवारी मिळालं. टेक्विनचा खटला पुन्हा उघडतोय, अपील जूनमध्ये कार्डिफला ऐकलं जाईल, आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये त्याचा जबाब मी लिहून घेतला होता त्याबद्दल त्यांना मला काही विचारायचं आहे, एवढंच त्यात आहे. पत्राची एक प्रत तुला गेलीय असं खाली लिहिलं होतं, पत्त्यासकट. म्हणजे हे तू चालवलं आहेस. तुझा भाऊ आपणहून वकिलाची पायरी चढायचा नाही, हे तुला ठाऊक आहे तसं मलाही ठाऊक आहे.

सतरा वर्षं मी तुला लिहिलं नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तू साखरपुड्याची अंगठी माझ्या आईच्या हातात देऊन गेलीस आणि त्याच आठवड्यात गाव सोडलंस. त्यानंतर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी गेल्या सप्टेंबरात निवृत्त झालो, पोलीस सार्जंट म्हणून. आई चार वर्षांपूर्वी गेली. लग्न केलं नाही. घर तेच आहे.

जबाबाचं म्हणशील तर तो फार घाईत लिहिला गेला. टेकला दोन दिवस कोठडीत ठेवलेलं, आमचीही झोप झालेली नव्हती. तो आपल्या वेल्श भाषेत बोलत होता, मला इंग्रजीत उतरवायचं होतं, आणि इन्स्पेक्टर पाठीशी उभे. अशा वेळी एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. मी शिपाई होतो, दुभाषा नव्हतो. चूक झाली असेल तर मी वकीलबाईंना तसं सांगेन. पण इतक्या वर्षांनी कोर्टात उभं राहून कुठला शब्द आठवणार, याचाही तू विचार कर.

टेक शिक्षा भोगून कधीचा घरी आलाय. तुमची हेन्द्रेची शेती व्यवस्थित करतो, गावात त्याला मान आहे. आता हे उकरून कोणाचं भलं होणार आहे? दोन ओळी लिहिल्यास तर बरं होईल. वकीलबाईंना मी अजून काही कळवलेलं नाही.

इदवाल

६ फेब्रुवारी

एलिनेद,

कार्ड मिळालं. कार्डावर किल्ला, मागे एकच ओळ: "चूक शपथेवर दुसऱ्यांदा होत नसते." सही नाही. पण जबाब लिहिला तेव्हा एकदा आणि कोर्टात मला विचारलं तेव्हा पुन्हा एकदा, एवढं त्या ओळीत बसतं. मी तीन आठवडे ते कार्ड ओट्यावर ठेवलं. आता जे झालं ते लिहितो.

हावोटी गुरुवारी पहाटे जळालं. ते तुमच्या मामाचं घर, त्याच्या मागे बर्मिंगहॅमच्या लॉक्सलीनं घेतलेलं. वर्षातून तीन आठवडे तो यायचा, बाकीचे दिवस दाराला कुलूप. त्या काळात इंग्रजांनी सुट्टीपुरती घेतलेली अशी बरीच घरं पेटत होती आणि पकडलं कोणी जात नव्हतं, त्यामुळे वरून आमच्यावर रोज फोन. लॉक्सलीनं दारावरची मामाची स्लेटची पाटी काढून 'सी व्ह्यू' अशी नवी ठोकली, त्या दिवशी टेक गुरांच्या बाजारात चार जणांसमोर म्हणाला होता की हे घर आता उभं राहता कामा नये. तेवढं पुरलं. शुक्रवारी सकाळी त्याला गोठ्यातून उचलला.

दोन दिवस तो इंग्रजीत एक अक्षर बोलला नाही. रविवारी मी चॅपेलमध्ये होतो, पहिली प्रार्थना झाली होती, तेवढ्यात शिपाई बोलवायला आला. आमचे इन्स्पेक्टर प्रोबर्ट दक्षिणेकडच्या खाणींच्या भागातले, नाव आपलं पण भाषा येत नाही. ते म्हणाले, तो फक्त तुमच्या बोलीत तोंड उघडतोय, तू बस.

टेकनं आधी मागितलं की जबाब आपल्याच भाषेत लिहावा. प्रोबर्ट म्हणाले, ते टाइप करणारं इथे कोणी नाही, इंग्रजीतच होईल. मी विचारलं, हावोटी तू जाळलंस का? तो जे बोलला ते मी आधी पेन्सिलीनं आपल्या भाषेत जसंच्या तसं उतरवलं. खिशात चॅपेलचं त्या रविवारचं सूचनापत्रक होतं, त्याच्या पाठीवर. तो म्हणाला होता:

"मीच जाळलं असतं ते, छातीत तेवढा दम असता तर."

मग मी सरकारी कागदावर इंग्रजीत लिहू लागलो. प्रोबर्ट खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, जर-तर नको, त्यानं काय केलं ते लिही. खोलीत आणखी दोघे होते. त्यांच्यादेखत मला विचारलं, तुझ्या खांद्यावर राणीचा मुकुट आहे की वेल्सचा ड्रॅगन? दोघे हसले. मी तो कागद फाडला आणि नवा घेतला. त्यावर लिहिलं:

"मीच जाळलं ते. छातीत तेवढा दम होता."

'असतं' गाळलं आणि 'असता तर' होतं तिथे 'होता' केलं. बाकी सगळं त्याचंच.

कागद टेकपुढे सरकवला. त्यानं तो वाचला नाही, माझ्याकडे बघितलं.

"मी बोललो तेच लिहिलंस ना, इदवाल?"

मी हो म्हटलं. त्यानं सही केली.

कोर्टात त्याच्या वकिलानं मला विचारलं, हे भाषांतर अचूक आहे का? मी पुन्हा हो म्हटलं. सात वर्षांची शिक्षा झाली, त्यातली साडेचार भोगली. तुझी आई तिसऱ्या वर्षी गेली आणि टेक पोलिसांच्या गाडीतून दफनाला आला. त्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या गावची ड्युटी मागून घेतली होती.

मी घाबरलो होतो, एलिनेद. त्यांच्यातला नाही आणि तुमच्यातलाही नाही असा होऊन बसलो होतो. दुसरं कारण नव्हतं.

वकीलबाईंना काय सांगायचं ते ठरवण्याआधी मला टेकला भेटायचंय.

इदवाल

४ मार्च

एलिनेद,

सोमवारी आपल्या वेल्सच्या संत डेव्हिडचा दिवस. शाळेत कार्यक्रम होता. मी गेलो ते टेक तिथे येणार आहे हे कळलं म्हणून. मुलांच्या कोटांना डॅफोडिलची फुलं, मुलींच्या डोक्यावर उंच काळ्या टोप्या, मागच्या भिंतीवर एवढा मोठा ड्रॅगन की त्याची शेपूट पियानोवर आली होती. मॅल्डविन तुला आठवत असेल, तेव्हा भाषेच्या चळवळीत पत्रकं वाटायचा. आता तो हेडमास्तर आहे. शाळेत सव्वीस मुलं राहिलीत आणि ती बंद करायचं घाटतंय, त्यामुळे तो प्रत्येक कार्यक्रमाला वर्तमानपत्रवाल्यांना बोलावतो.

टेक मंचावर बसला होता, कोटाला सणाची म्हणून लीक-कांद्याची हिरवी पात टाचलेली. मॅल्डविननं मुलांना सांगितलं, आपली भाषा आणि आपली घरं वाचावीत म्हणून ज्यानं जवानीची वर्षं तुरुंगात घातली तो माणूस हा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. टेकच्यानं मान वरही करवत नव्हती. लोकांना ती नम्रता वाटली.

नंतर मी हेन्द्रेला गेलो. तो मेंढ्यांना पेंड घालत होता. घरात ये म्हणाला नाही, पण जा असंही म्हणाला नाही. मी तिथेच मेंढवाड्याच्या भिंतीशी उभा राहून त्याचं वाक्य त्याला म्हणून दाखवलं. म्हटलं, हे तू बोललास आणि मी ते बदललं, कार्डिफला मी तसं सांगणार आहे.

त्यानं हातातली बादली रिकामी केली, मग बोलला.

"मी काय बोललो ते मला माहीत आहे. कोर्टात घसा फोडून सांगितलं, कोणी ऐकलं? सुटलो तर स्टेशनवर दोनशे माणसं झेंडे घेऊन उभी. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर मॅल्डविननं मिठीच मारली. मग म्हटलं जाऊ दे. वर्षं गेली ती गेली, निदान कशासाठी तरी गेली असं झालं."

मी काही म्हणणार तोच त्यानं हात वर केला.

"आता तू पाच जजांपुढे की तीन, जेवढे असतील तेवढ्यांपुढे सांगणार की ह्यानं काहीच केलं नव्हतं. ह्याच्या छातीत दम नव्हता, ह्यानंच तसं कबूल केलं होतं. आधी माझी साडेचार वर्षं घेतलीस, इदवाल. आता एवढं उरलंय ते पण नेणार?"

मी विचारलं, मग अपिलाच्या अर्जावर सही का केलीस? म्हणाला, एलिनेदनं कागद पुढे केला. सही करायची सवय आहे मला.

दुसऱ्या दिवशी मॅल्डविन माझ्याकडे आला. भांडायला नाही. त्यानं माझ्या तब्येतीची चौकशी केली, केक आणला होता बायकोनं केलेला. मग म्हणाला, जुन्या जखमेवरची खपली कशाला काढायची. शाळेच्या लढ्यात टेकचं नाव उपयोगी पडतंय, पोरांना कोणीतरी डोळ्यांपुढे लागतं. मी विचारलं, तुला खरंच वाटतं का की टेकनं हावोटी जाळलं? मॅल्डविन म्हणाला, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

त्याला सगळं ठाऊक आहे, एलिनेद. टेक सुटला तेव्हापासून ठाऊक आहे.

म्हणून तुला विचारतो. तुझ्या भावाला हे नकोय, हे तुला माहीत आहे का? की माहीत असून तू हे करते आहेस? रागानं विचारत नाही. या सगळ्यात खरं काय ते नको असलेली माणसं मी मोजतोय, आणि बोटं पुरेनात.

इदवाल

२० एप्रिल

एलिनेद,

तुझं पत्र मिळालं. दोन्ही पानं. तुझी आई मरताना तुला काय म्हणाली हे मला माहीत नव्हतं. माझ्या पोरानं घर जाळलं असेल तर देवापुढे मी त्याच्यासाठी भीक मागेन, पण त्यानं मला खोटं सांगितलं असेल तर कशी मागू, असं ती विचारत राहिली, आणि टेक शेवटपर्यंत तिला पत्रातून मी नाही गं, मी नाही गं लिहीत राहिला. तू हे तिच्यासाठी करते आहेस. टेकला पटो न पटो. समजलो.

आता मी काय केलं ते वाच, मग माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू दे.

गेल्या मंगळवारी प्रोबर्ट आले. मी त्यांना नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. सत्तरी ओलांडलीय, काठी आहे, मुलीनं गाडीतून आणून सोडलं आणि ती गावात फिरायला गेली. वकीलबाईंचं पत्र त्यांनाही गेलं होतं. मी चहा केला. त्यांनी तीन चमचे साखर घेतली आणि बराच वेळ आपल्या गुडघ्यांबद्दल बोलत होते.

मग म्हणाले, त्या दिवशी मी पाच मिनिटं बाहेर गेलो होतो, परत येताना दाराबाहेर मला तुमच्या दोघांचं हसणं ऐकू आलं. मला वाटलं, माझ्यावर हसताय. तुम्ही लोक असंच करायचात. मी खोलीत आलो की तुमची भाषा सुरू, आणि मी कुत्र्यासारखा तोंडाकडे बघत उभा. माझ्या आजीला येत होती, माझ्या बापानं घरात ती बंद केली, पोरं मागे पडतील म्हणून. मला चार शब्द येतात, त्यातल्या दोन शिव्या. माझाच देश, आणि मला कोणी सांगायचं की तू इथला नाहीस?

खोटं बोलत नव्हते ते.

मग मुद्द्यावर आले. मला सरळच विचारलं, कागद आहे का तुझ्याकडे? तू पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होतास. मी कपबशा उचलायला लागलो. तेवढ्यानं त्यांना कळलं.

"हे बघ," ते म्हणाले, "भाषांतरात गफलत झाली म्हण. प्रामाणिक गफलत. त्याचं अपील त्यावरही निघेल, तुलाही कोणी हात लावणार नाही. पण तो कागद दाखवलास तर गफलत उरत नाही. मग शपथेवर खोटं बोललेला माणूस एकटा तू. मी काय सांगणार? मला वेल्श येत नाही, शिपायानं जे दिलं ते मी घेतलं. आणि ते खरंच आहे."

त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेलो. हात धरून पायऱ्या उतरवल्या. घरात येऊन वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, त्या वेळची काही टिपणं आहेत का? मी नाही म्हटलं. भाषांतरात गफलत झाली असावी, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, निव्वळ तुमच्या आठवणीवर कठीण आहे, समोरचे वकील म्हणतील सतरा वर्षांनी दया आली म्हणून बोलताय. तरी प्रयत्न करू.

कागद माझ्याकडे आहे. स्तोत्रांच्या पुस्तकात. त्यावर चॅपेलची छापील तारीख आहे, त्या रविवारच्या प्रवचनकाराचं नाव आहे, आणि मागे तुझ्या भावाचं वाक्य. मी कित्येकदा तो शेगडीजवळ नेलाय. जाळवला नाही. देववतही नाही.

आता हे तुलाही माहीत झालं. तू वकीलबाईंना सांगितलंस तर मी नाकारणार नाही. एवढंच माझ्याच्यानं होतंय.

इदवाल

१५ मे

एलिनेद,

तीन आठवडे मी फोनची वाट बघितली. वकीलबाईंचा आला नाही. तुझं पत्रही नाही. टपालवाला दारावरून गेला की रोज कळायचं की तू त्यांना सांगितलेलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी सुटलो असतो. तू ते माझ्यावर सोडलंस.

काल मी आबेरवेनला वकीलबाईंच्या कचेरीत जाऊन कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि मग खिडकीशी जाऊन पुन्हा वाचला. म्हणाल्या, याचे तुमच्यावर काय परिणाम होतील ते तुम्हाला सांगणं माझं काम आहे, पण मी टेक्विनची वकील आहे, तुम्ही दुसरा वकील गाठा. मला पोच दिली. बाहेर आलो तर गाडीची किल्ली कुठल्या खिशात आहे ते सापडेना.

पण फेब्रुवारीत मी तुला लिहिलं होतं की भीतीशिवाय दुसरं कारण नव्हतं. ते खोटं होतं. कार्डिफला मला शपथेवर विचारतील आणि मी सांगेन, तेव्हा तू समोर बसलेली असशील. त्याआधी तुला एकटीला सांगतो.

प्रोबर्ट पाच मिनिटं बाहेर गेले, तेव्हा टेकनं माझ्याकडे बघून सांगितलं, "एलिनेद तुझ्याशी लग्न करायची नाही. घरात बोलणं झालंय आमचं. कुत्रा कितीही आपल्या अंगणात बसला तरी साखळी ज्याची त्याचाच तो." आणि हसला. मीही हसलो. लागलं नाही असं दाखवायला. प्रोबर्टनी दाराबाहेर ऐकलं ते हे हसणं.

सप्टेंबरात होणारं लग्न आपण वसंतावर ढकललं होतं, तू म्हणालीस पडदे शिवून व्हायचेत. मला त्या क्षणी पडदे आठवले.

मग प्रोबर्ट आत आले आणि जर-तर नको म्हणाले. मुकुट की ड्रॅगन विचारलं. मी घाबरलो हे खरं. पण नवा कागद नुसत्या भीतीनं घेतला नाही. मला टेकचं काहीतरी मोडायचं होतं. हाताशी त्याचं वाक्य होतं, ते मोडलं. प्रोबर्टनी दार उघडून दिलं, आत मी माझ्या पायांनी गेलो.

टेक जे बोलला ते खरं होतं का, हे मी तुला तेव्हा विचारलं नाही. आता विचारण्याचा हक्क नाही. तू ते सांगूही नकोस.

इदवाल

२७ जून

एलिनेद,

तू वरच्या बाकांवर होतीस, करड्या कोटात. आता केस आखूड ठेवतेस. मी साक्ष दिली ती तू ऐकलीस, तेव्हा ती पुन्हा लिहीत नाही. आपल्या भाषेत बोलायची परवानगी त्यांनी लगेच दिली. न्यायाधीशांनी कानाला यंत्रं लावली. तो दुभाषा मुलगा टेकच्या वाक्यापाशी आला आणि त्यानं मला ते पुन्हा म्हणायला सांगितलं, आठवतं? तू वर बघितलंस. मला वाटलं, हाही आता गाळतोय. नाही गाळलं. त्यानं इंग्रजीत 'असतं' अगदी हळू, सुटं करून म्हटलं. मी तेवढं इंग्रजी जाणतो.

का केलंत असं वकिलांनी विचारलं तेव्हा मी भीती सांगितली आणि राग सांगितला. त्यानं मला काय ऐकवलं ते सांगितलं नाही, तुझं नाव घेतलं नाही. त्यांनी तीनदा विचारलं. त्याबद्दल आणखी ताशेरे ओढतील ते ओढोत.

टेक निर्दोष हा निकाल ऐकून तू खाली धावलीस, त्यामुळे पुढचं तू पाहिलं नाहीस. मॅल्डविन बसभर माणसं घेऊन आला होता. दोष पुसला गेला म्हणजे त्यांचा वीरही गेला, तरी आला. बाहेर झेंडे होते, राष्ट्रगीत सुरू झालं, तू टेकला त्या गर्दीत शोधत असशील. तो तिथे नव्हता. तो कोर्टाच्या आतच, मागच्या बोळात होता, तोंड धुवायला गेलेला. मी तिथेच बाकावर बसलो होतो. दोन अधिकारी मला सांगत होते की गुरुवारी चौकशीला हजर राहायचं, वकील बरोबर आणायचा. ते गेले आणि टेक बाहेर आला. चेहरा ओला, टोपी हातात.

तो माझ्यासमोर थांबला. मी उठलो. एका बाकावर शिकलो आम्ही, एका चॅपेलात गायलो, एकदा एकाच मुलीवरून मारामारी केली आणि ती तिसऱ्याबरोबर गेली. त्या कोठडीतसुद्धा, त्यानं मला कुत्रा म्हटलं तेव्हासुद्धा, आम्ही एकमेकांशी इंग्रजीत कधी बोललो नव्हतो. जन्मात नाही.

"गुड आफ्टरनून, सार्जंट," तो म्हणाला.

नीट म्हणाला, अदबीनं, जसं आपण लॉक्सलीला म्हणायचो. मी त्याला नावानं हाक मारली, आपल्या भाषेत. तो टोपी घालून निघून गेला.

त्यानंतर गावातही तेच चाललंय. सोमवारी पोस्टात नेस्टाबाईंनी मला इंग्रजीत विचारलं, काय हवंय. चाळीस वर्षं त्या मला ओळखतात. चॅपेलमध्ये शेजारच्यानं पान उघडून दिलं, इंग्रजीत आकडा सांगितला. कोणी वाईट बोललं नाही. मला वाटायचं खिडक्या फोडतील. त्यांनी फक्त भाषा काढून घेतली.

टेकचं मात्र बरं चाललंय, हे तुला कळलं नसेल म्हणून लिहितो. टपालवाल्यानं सांगितलं. शुक्रवारी बाजारात कोणीतरी त्याला डिवचलं, म्हणजे इतकी वर्षं फुकटची बिअर प्यायलास की. टेक म्हणाला, हो बाबा, दम नव्हता माझ्यात, कधीच नव्हता. आणि सगळ्यांना पाजली. म्हणे तो असा हसताना कोणी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. नंतर मॅल्डविनला म्हणाला, शाळेसाठी काम असेल तर सांग, कुंपण घालून देईन, भाषण करणार नाही.

गुरुवारी माझा जबाब झाला. पुढच्या महिन्यात आरोप ठेवतील असं वकील म्हणतात. गुन्हा कबूल करणार, हे मी त्यांना सांगून टाकलंय. आत जावं लागेल, किती ते माहीत नाही. घराची किल्ली चुलतभावाकडे दिली.

तू उत्तर द्यावंस असं मी मागत नाही. पण कधी लिहिलंसच, शिव्या घालायला का असेना, तर एलिनेद, आपल्या भाषेत लिही.

इदवाल